ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी स्ट्रेट-वॉल काडतूस: पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की ओळखीतून एक प्रश्न हमखास येतो. "दुकानात लिव्हरवाली .३०-३० बघितली, किमतीतही बसतेय, घेऊन टाकू का?" प्रश्न चुकीचा नाही. १८९५ पासून अमेरिकेत या काडतुसाने किती हरणं पडली असतील याची गणतीच नाही. पण ओहायोत हरणाच्या शिकारीला ते चालत नाही, कारण इथे रायफलीला सरळ भिंतीचं, म्हणजे स्ट्रेट-वॉल काडतूसच लागतं. .३०८ चालत नाही, .३००ब्लॅकआउट चालत नाही, सासऱ्यांच्या मित्राने टेक्सासहून कौतुकाने दिलेली .२७० तर नाहीच नाही. दुकानदार विकेल, कारण ती विकणं कायदेशीर आहे. तुम्ही ती घेऊन कुठे जाणार हे तो विचारेलच असं नाही.

हा लेख ओहायोत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या आपल्या मंडळींसाठी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या भिंतीवरच्या शिंगांपलीकडे आपल्यापैकी बहुतेकांचा या गोष्टीशी संबंध नसतो, आणि काडतूस निवडायची वेळ आली की कोणाला विचारावं तेही कळत नाही. इथलं व्हाइटटेल हरीण मुबलक आहे. किती मारायची, कधी आणि कशाने मारायची हे राज्य ठरवतं. शिकार बरी की वाईट हा वाद मी इथे घेत नाही. ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

१. आधी कागद, मग काडतूस

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे. नुसती बंदूक नाही, एक सुटं काडतूससुद्धा. याला काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून अशांसाठी क्रम ठरलेला आहे: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरातल्या कपाटातच राहिली, तर तुम्ही पुन्हा मनाईत जाता. हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. ज्यांचा अर्ज मध्येच कुठेतरी अडकलाय त्यांनी रायफलीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं. वकिलाची फी रायफलीपेक्षा स्वस्त पडते.

दुसरा सापळा गांजाचा. ओहायोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायदेशीर केला, पण केंद्राच्या लेखी तो अजून बेकायदा आहे. दुकानात रायफल घेताना जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि खरं लिहिलं तर रायफल मिळत नाही. नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत हे प्रकरण बंदुकीच्या दुकानापुरतं राहत नाही, इमिग्रेशनच्या फाइलीपर्यंत जाऊ शकतं.

लागणारी कागदपत्रं:

- सध्याचा पत्ता असलेलं ओहायोचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी. घर बदललं असेल तर पत्ता आधी बदलून घ्या, अर्ध्या लोकांचं काम इथेच अडतं.
- ग्रीन कार्ड, किंवा व्हिसावर असाल तर पासपोर्ट, आय-९४ आणि शिकारीचा परवाना.
- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. कोर्स ऑनलाइनही करता येतो. तो न करता 'अप्रेंटिस' परवाना मिळतो, पण मग परवानाधारक जाणत्या शिकाऱ्याच्या सोबतीनेच जावं लागतं.
- हरणाचं परमिट. शिकारीचा परवाना वेगळा आणि हे परमिट वेगळं, दोन्ही लागतात.
- खाजगी जमिनीवर जाणार असाल तर मालकाची लेखी परवानगी. ओहायोत तोंडी चालत नाही.

२. स्ट्रेट-वॉल म्हणजे काय आणि हा नियम कशासाठी

काडतुसाचे चार भाग: बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, पुढे गोळी, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं पितळी नळकांडं. आजच्या बहुतेक रायफलींमध्ये हे नळकांडं सोडा-वॉटरच्या बाटलीसारखं असतं. खाली रुंद, वर खांदा आणि मग अरुंद मान. पोटात दारू भरपूर मावते आणि पुढची गोळी बारीक असते, त्यामुळे ती प्रचंड वेगाने आणि फार लांब जाते. स्ट्रेट-वॉल काडतुसाला खांदा नसतो. बुडापासून तोंडापर्यंत भिंत सरळ, फार तर किंचित निमुळती. गोळी जाड आणि जड, वेग कमी, त्यामुळे ती लवकर खाली येते.

ओहायो, इंडियाना, आयोवा, इलिनॉय, दक्षिण मिशिगन हा सपाट शेतीचा आणि दाट वस्तीचा पट्टा. मक्याच्या शेतापलीकडे कोणाचं तरी घर असतंच. म्हणून इथे हरणासाठी वर्षानुवर्षं फक्त स्लग, म्हणजे एकच जाड गोळी टाकलेली शॉटगन, आणि मझललोडर, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची बंदूक चालायची. पण स्लगचा धक्का नव्या माणसाचा खांदा मोडणारा, आणि शंभर यार्डांपुढे नेम बेभरवशाचा. त्यावर मधला मार्ग म्हणून स्ट्रेट-वॉल रायफली आल्या. ओहायोने आणि दक्षिण मिशिगनने २०१४ मध्ये त्यांना मुभा दिली, आयोवाने २०१७ मध्ये.

याचा अर्थ ही गोळी निरुपद्रवी आहे असा मात्र काढू नका. चुकलेली गोळी मैलभरही जाऊ शकते. हरणाच्या मागे माती किंवा चढ दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही. काडतूस कुठलंही असो, यात सूट नाही.

३. नियम आकड्यांत वाचा

"सरळ दिसतंय, चालेल" असं करू नका. ओहायोचा नियम असा: काडतूस स्ट्रेट-वॉल असावं, गोळीचा व्यास किमान .३५७ आणि कमाल .५० इंच. शिवाय नळी आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत. नळीखाली दुसरी लांब नळी असलेल्या, म्हणजे ट्यूब मॅगझिनच्या लिव्हर रायफलीत सहा-सात मावतात, पण भरायची तीनच. मॅगझिनमध्ये चौथं सापडलं तर वन्यजीव खात्याच्या वॉर्डनसमोर "लक्षात नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

ओहायोत काडतुसाच्या लांबीची अट नाही. मिशिगनच्या २०१४ च्या नियमात मात्र होती: नळकांडं १.१६ ते १.८० इंच, व्यास .३५ किंवा जास्त. गेल्या काही वर्षांत निघालेली जवळपास सगळी नवी काडतुसं १.८० च्या आत का बसतात याचं उत्तर या एका आकड्यात आहे. जुनं .४५-७० हे २.१०५ इंचांचं आणि .४४४ मार्लिन २.२२५ इंचांचं. दोन्ही ओहायोत चालतात, पण मिशिगनच्या त्या नियमात बसत नव्हती. टोलीडोला राहणाऱ्यांनी किंवा डेट्रॉइटला मेव्हणा असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून काडतूस घ्यावं. इलिनॉयने २०२३ पासून रायफलला मुभा दिली ती सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणाऱ्या रायफलींनाच, आणि तिथे रहिवाशांना बंदुकीसाठी वेगळं फॉइड कार्डही लागतं.

हे नियम दर दोन-तीन वर्षांनी हलतात. राज्याची चालू वर्षाची पुस्तिका उघडा आणि काडतुसाचा परिच्छेद स्वतः वाचा. माझा लेख, दुकानदार, शेजारचा बॉब, कोणाच्याही शब्दावर जाऊ नका.

दिसायला सरळ पण प्रत्यक्षात मान असलेली काडतुसंही आहेत. .४४-४० त्यातलंच, मान इतकी हलकी की पटकन कळत नाही. .४५८ सोकॉमचं नाव .४५० बुशमास्टरच्या बरोबरीने घेतलं जातं, पण त्यालाही खांदा आहे. .३५ रेमिंग्टन व्यासात बसतं, आकारात नाही.

४. तुम्ही किती लांबून मारणार आहात

काडतुसांच्या जाहिराती वाचण्याआधी जागेवर जाऊन उभे राहा. आग्नेय ओहायोत, वेन नॅशनल फॉरेस्टच्या टेकड्यांत, झाडीमुळे साठ-सत्तर यार्डांपुढचं हरीण नीट दिसतच नाही. वायव्येकडे, कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेताच्या कडेला बसलात तर दोनशे यार्डांवरही हरीण उघडं दिसतं. दोन्हीकडे एकच काडतूस चालेल, पण पहिल्या माणसाने लांब पल्ल्यासाठी खांदा कशाला शेकून घ्यायचा?

व्हाइटटेलचं छातीतलं मर्मस्थान, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून, साधारण आठ इंचांचं वर्तुळ धरतात. दुर्बीण शंभर यार्डांवर जुळवली असेल तर दोनशे यार्डांवर गोळी किती खाली येईल, याचा माझा ढोबळ हिशोब असा (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप):

- .३५० लेजेंड, १५० ग्रेन: सुमारे ८ इंच
- .४५० बुशमास्टर, २५० ग्रेन: साडेनऊ-दहा इंच
- .४५-७०, नव्या पद्धतीचं ३२५ ग्रेनचं टोकदार काडतूस: अकराच्या आसपास
- .४४ मॅग्नम, २४० ग्रेन: तब्बल दीड फूट

म्हणजे .४४ मॅग्नमवाल्याने शंभर-सव्वाशेला थांबावं आणि बाकीच्यांनी दीडशेपर्यंत निर्धास्त राहावं. दोनशेसाठी तयारी, सराव आणि अंतर मोजणारं रेंजफाइंडर लागतं. आपल्याला मीटरची सवय, इथे सगळं यार्डात. अंदाजाने अंतर ठरवलं की हमखास चुकतं, संध्याकाळच्या उजेडात तर फारच.

५. खांद्याचं ऐका

सात पाउंडांच्या रायफलीत .३५० लेजेंडचा धक्का हिशोबाने आठ-नऊ फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) येतो, .४५० बुशमास्टरचा बावीसच्या आसपास. म्हणजे अडीचपट. कागदावर हा फरक छोटा वाटतो. नेमबाजीच्या रेंजवर .४५० च्या दहा गोळ्या झाडून पाहा, अकराव्या गोळीला डोळे आपोआप मिटतात. धक्क्याच्या भीतीने चाप झटक्यात ओढला जातो, नळी हलते आणि गोळी छातीऐवजी पोटात बसते. पोटात गोळी लागलेलं हरीण लांबवर पळू शकतं आणि हाती लागणं अवघड होतं. जास्त ताकदीने चुकीच्या जागी मारण्यात काय अर्थ आहे?

नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक धक्का बराच कमी करतो, पण आवाज इतका वाढवतो की कानाला संरक्षण नसेल तर एका गोळीत कायमचं नुकसान होऊ शकतं. रेंजवर शेजाऱ्यांच्या शिव्याही खाव्या लागतात.

६. एकेक काडतूस, माझ्या मतांसकट

.३५० लेजेंड. विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं. नावात .३५० असलं तरी गोळी .३५७ ची, म्हणून नियमात बसतं. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,३२५ फूट वेगाने, नळीच्या तोंडाशी १,८०० फूट-पाउंड ऊर्जा. हरणासाठी हजार फूट-पाउंड पुरेत असा एक जुना ठोकताळा आहे. ते शास्त्र नव्हे, पण त्या मापाने हे काडतूस दीडशे यार्डांवरही आरामात बसतं. धक्का कमी, काडतुसं सगळीकडे मिळतात, सरावाची स्वस्तही मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्या दहा जणांपैकी आठांना मी हेच सांगतो. घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला किंवा बारीक अंगकाठीच्या माणसाला शिकवायचं असेल तर दुसऱ्या कशाचा विचारच नको. लोक याला "छोटं" म्हणून हिणवतात. हिणवणाऱ्यांपैकी किती जण दोनशे यार्डांवर नीट मारतात तेही एकदा बघावं.

.४५० बुशमास्टर. २००७ चं. २५० ग्रेन, २,२०० फूट, जवळपास २,७०० फूट-पाउंड. हरीण जागेवर बसवण्यात याचा हात धरणारं कमीच. ज्यांनी आधी स्लगची शॉटगन चालवली आहे त्यांना धक्का जाणवणार नाही, नव्या माणसाला नक्की जाणवेल. काडतूस महाग पडतं म्हणून लोक सराव टाळतात, आणि इथेच गणित बिघडतं.

.४०० लेजेंड. २०२३ मध्ये आलेलं, वरच्या दोघांच्या मधलं. २१५ ग्रेन, २,२५० फूट. काडतूस म्हणून चांगलं आहे, पण दुकानाच्या फळीवर अजून तितकं दिसत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डबा मिळाला नाही तर काय करणार, याचं उत्तर असेल तर घ्या.

.३६० बकहॅमर. रेमिंग्टनचं, हेही २०२३ चं. .३०-३० च्याच नळकांड्याची मान काढून बनवलंय, लांबी बरोबर १.८० इंच. लिव्हर रायफलीचा हट्ट असेल तर हे बघा. १८० ग्रेन, २,४०० फूट. सुरुवातीला सांगितलेल्या त्या .३०-३० च्या प्रेमात पडलेल्यांना मी इकडे वळवतो.

.४४ मॅग्नम. १९५५ चं रिव्हॉल्वरचं काडतूस, रायफलच्या लांब नळीत बरंच जास्त जोर धरतं. आटोपशीर लिव्हर रायफल, दाट झाडी, शंभर यार्डांच्या आतलं हरीण, असं असेल तर उत्तम. .३५७ मॅग्नम त्याहून हलकं. कायद्यात बसतं, पण पल्ला पाऊणशे ते शंभर यार्ड. नवशिक्याला ते देणं मला योग्य वाटत नाही, कारण त्यात चुकीला जागाच उरत नाही.

.४५-७०. १८७३ पासूनचं. एकच इशारा, पण जिवाचा: या नावाची काही काडतुसं जास्त जोराची, नव्या मजबूत रायफलींसाठीच असतात. गराज सेलमध्ये मिळालेल्या जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डमध्ये ती घातलीत तर रायफल फुटू शकते. डब्यावरची सूचना वाचा. ओहायोच्या हरणाला इतकं मोठं काडतूस लागतं का? नाही. पण हौसेला मोल नसतं.

७. डब्यावर काय वाचायचं

माझ्या मते काडतुसाच्या नावापेक्षा आतली गोळी कोणती हे जास्त महत्त्वाचं, आणि लोक नेमके तिथेच घाई करतात.

.३५० लेजेंडचेच तीन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. १४५ ग्रेन एफएमजे: पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी, स्वस्त, कागदाच्या निशाणासाठी. हरणाला मारली तर फुलत नाही, आरपार भोक पाडून जाते आणि हरीण जखमी होऊन पळतं. २५५ ग्रेन सबसॉनिक: सायलेन्सरवाल्यांसाठी, वेग ध्वनीपेक्षा कमी, पल्ला अगदीच तोकडा. तिसरा डबा आपला: सॉफ्ट-पॉइंट किंवा प्लास्टिकच्या टोकाची, आत गेल्यावर फुलणारी गोळी, १५० ते १८० ग्रेन. डब्यावर हरणाचं चित्र आहे का एवढं बघून घेणारेही आहेत, आणि खरं सांगायचं तर ती पद्धत फारशी चुकत नाही.

लिव्हर रायफलीच्या ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. तिथे कठीण टोकाची गोळी भरली तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या नाकाची गोळी, किंवा खास ट्यूबसाठी बनवलेली मऊ रबरी टोकाची.

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. घरी लहान मुलं खाणार असतील तर पूर्ण तांब्याची गोळी मिळतेय का बघा, नाहीतर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका.

आणि रायफलच्या नळीवर कोरलेलं नाव डब्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. .३५० आणि .३६०, .४०० आणि .४५० ही नावं कानाला जवळची वाटतात, काडतुसं मात्र अजिबात एक नाहीत.

८. रायफल

यावर थोडक्यात, कारण काडतूस ठरलं की निम्मं काम झालेलं असतं. पहिल्या रायफलीसाठी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी ओढायची रायफल घ्या. रुगर अमेरिकन रँच, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, विंचेस्टर एक्सपीआर यांतलं काहीही. याहून स्वस्त आणि नवख्याला सर्वांत सोपी म्हणजे मध्ये मोडणारी सिंगल-शॉट, सीव्हीए स्काउट किंवा हेन्रीची. मोडली की रिकामी आहे हे लांबूनही दिसतं, आणि एकच गोळी असल्याने माणूस नेम शांतपणे धरतो. तीन काडतुसांच्या मर्यादेचा प्रश्नही येत नाही. रायफल परवडली म्हणून दुर्बिणीवर पैसे वाचवू नका. पहाटेच्या अंधुक उजेडात काचेचा दर्जा कळतो.

सोबत घ्यायच्या वस्तू:

- केशरी रंगाचं जॅकेट किंवा वरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट. गन सीझनमध्ये सक्तीचं, आणि नुसती टोपी पुरत नाही.
- कानांसाठी मफ्स, डोळ्यांसाठी चष्मा
- रेंजफाइंडर
- रायफल ठेवायला कुलपाची पेटी आणि काडतुसांसाठी वेगळी, तीही कुलपाची. लहान मुलं असलेल्या घरात यावर चर्चा नाही.
- सुरी, रबरी हातमोजे, दोर, बॅटरी

९. झिरो आणि सराव

हंगामाच्या आदल्या शनिवारी रेंजवर गाड्यांची रांग लागते. सप्टेंबरमध्ये जा. कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर वाइल्डलाइफ एरियात राज्याची रेंज आहे. अशा सरकारी रेंजसाठी वेगळं परमिट लागतं, ते आधी काढून ठेवा.

झिरो म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी एका जागी जुळवणं. पंचवीस यार्डांवर सुरुवात करा, मग शंभर. तीन गोळ्या झाडा, त्यांचा मध्य बघा, दुर्बीण हलवा, पुन्हा तीन. एकेका गोळीमागे दुर्बीण फिरवत बसलात तर डबा संपेल आणि हाती काही लागणार नाही. शिकारीला जी गोळी वापरणार तिच्यानेच शेवटचा झिरो करा. सरावाची १४५ ग्रेन आणि शिकारीची १५० ग्रेन एकाच ठिकाणी लागतील असं धरून चालू नका.

टेबलावरून नेम जमला की टेबल सोडा. गुडघ्यावर, स्टुलावर, काठीच्या आधाराने, जाड जॅकेट घालून मारून बघा. सहा इंचांची कागदी ताटली घ्या. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. काडतुसाच्या डब्यावरचं अंतर कंपनीचं, आपल्याला ते लागू नाही.

१०. हंगामात आणि त्यानंतर

ओहायोचा मुख्य गन सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, आठवडाभर चालतो, आणि डिसेंबरमध्ये एक वीकेंड आणखी मिळतो. जानेवारीतला मझललोडर हंगाम वेगळा, त्यात ही रायफल चालत नाही. वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. गाडीत रायफल रिकामीच ठेवायची, शेताच्या बांधापर्यंत दोन मिनिटांचा रस्ता असला तरी.

हरीण पडल्यावर त्याची नोंद करावी लागते. मुदत साधारणपणे दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, हंगामाच्या शेवटच्या दिवशी आणखी कमी. हंटफिश ओएच या अ‍ॅपवर काम पाच मिनिटांत होतं, पण जंगलात नेटवर्क नसतं हे लक्षात ठेवा. २०२० मध्ये वायंडॉट काउंटीत जंगली हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडला. तेव्हापासून त्या भागातल्या काउंट्यांसाठी तपासणीचे आणि हरणाचे अवयव बाहेर नेण्याचे वेगळे नियम आहेत. तिकडे जाणार असाल तर तेही वाचा.

घरी मांस चालत नसेल तर फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री ही संस्था हरणाचं मांस अन्नछत्रांना पोचवते. त्यांच्याशी जोडलेला खाटीक जवळपास कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. हरीण गाडीत आणि बायको दारात, अशा वेळी फोनवर शोधाशोध नको.

शेवटची गोष्ट, आणि ही फक्त आपल्यासाठी. शिकारीला नेलेली पाठीवरची बॅग, जॅकेट, पँट पुन्हा कधीही विमान प्रवासाला वापरू नका. खिशाच्या शिवणीत एक काडतूस राहतं आणि नंतर ते मुंबईच्या विमानतळावर स्क्रीनवर दिसतं. भारतात परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चुकून राहिलं हे सिद्ध करण्यात सुट्टी, तिकीट आणि मनःशांती तिन्ही जातात. झाडलेलं रिकामं नळकांडंसुद्धा नको. शिकारीची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि दिवाळीला आई-बाबा आले की परत जाताना सामान जास्त झालं म्हणून त्यांना ती देऊ नका.